पाचव्या पायरीची खाच

"पाय लोकांचा, पायरी आपली," असं शिडीसुतार उठता-बसता म्हणायचा. पन्नाशी उलटली तरी नवी शिडी झाली की वाळूचं पोतं खांद्यावर घेऊन तो पायरीपायरीवर दोनदा उडी मारी. पायरी टिकली की तिच्या पोटाशी पटाशीने बारीक खाच पाडी. बायको म्हणे, शिडी राहील धड, तुमचे गुडघे जातील.

अशा एका शिडीची पाचवी पायरी रंगाऱ्याच्या पायाखाली मोडली. त्याचा हात मोडला आणि प्रकरण कोर्टात गेलं. रंगाऱ्याचा वकील म्हणाला, हा सरळ निष्काळजीपणा. सुताराला एकच घोर लागला. दावा हरलो, तर माझ्या शिडीवर पुन्हा पाय कोण ठेवणार?

मोडकी पायरी कोर्टाच्या टेबलावर आली. पोटाशी खाच होती, पण आत किडीने पार भुसा केला होता. ही कीड आधी कळली असती का, असं वकिलाने विचारलं. सुतार म्हणाला, लाकूड ठोकून कान लावला असता, तर कदाचित कळली असती. बायकोने कपाळाला हात लावला.

मग वकिलाने साक्षीला दुसरा सुतार आणला. या दोघा सुतारांचं वीस वर्षं विळ्या-भोपळ्याचं सख्य. तुम्ही पायऱ्या ठोकून ऐकता का, असं न्यायाधीशबाईंनी त्याला विचारलं. तो टोपी चुरगाळत म्हणाला,

"ठोकून कसलं, बाई? मी तर उडीसुद्धा मारत नाही. आमच्यात कोणीच मारत नाही. हा एकटाच खुळा."

बाईंनी निकाल दिला. इजा झाली, एवढ्यावरून कोणी चुकलं असं ठरत नाही. जाणत्या कारागिराने घ्यावी त्याहून जास्त काळजी याने घेतली. लाकडाच्या पोटातलं ओळखायला तो काही मनकवडा नाही.

बाहेर रंगारी हात गळ्यात बांधून बाकावर बसला होता. सुतार त्याच्याशेजारी टेकला. बोटं हलतात का, एवढंच त्याने विचारलं. रंगाऱ्याने हलवून दाखवली.

"पुढच्या महिन्यात कामाला लागेन म्हणतो. शिडी लागेल."

"करतो. आता ठोकूनही बघेन."

"आणि उडी?"

"ती काय सोडतोय होय?"

मोडकी पायरी काखेत मारून सुतार निघाला. वाटेतल्या लाकडी कठड्याचा एकेक गज बोटाच्या पेराने ठोकत, कान तिरका करून, सावकाश चालला. फाटकापर्यंत रंगारी बघत राहिला.