सायलेन्सरखालचे दाजी

नाशिकमधल्या एकाही मेकॅनिकवर आमच्या दाजींचा विश्वास नव्हता, आणि दाजी आपल्या गॅरेजात यावेत असं वाटणारा एकही मेकॅनिक नाशिकमध्ये नव्हता. दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे साडू. सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांचं निम्मं आयुष्य गाड्यांच्या खाली जात होतं. स्वतःच्या, शेजाऱ्यांच्या, प्रसंगी अनोळखी माणसांच्याही. चांदवडच्या एका लग्नात तर ते फेट्यासकट नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीखाली शिरले आणि बाहेर येऊन मुलीच्या बापाला म्हणाले, "सायलेन्सरचं रबर तुटलंय. अर्ध्या वाटेत नळी रस्त्यावर पडेल. बघा बुवा, मुलगी तुमची आहे." मांडवाच्या तारेनं त्यांनी स्वतः नळी बांधली, तेव्हाच ती गाडी हलली.

आवाज शोधायची त्यांची रीत ठरलेली होती. थंड गाडी चालू करायची, त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या ताईंनी, आत बसून ॲक्सिलरेटर दाबायचा, आणि दाजींनी खाली पाठीवर पडून, बागेतल्या पाइपाचं एक टोक कानाला लावून दुसरं सायलेन्सरवरून फिरवायचं. "दे" म्हणाले की ताई दाबायच्या, "सोड" म्हणाले की सोडायच्या. मधूनच म्हणायच्या, "अहो, भाजी करपेल." खालून उत्तर यायचं, "करपू दे. खडखड पत्र्याची नाही, आतली आहे."

दोन वर्षांपूर्वी त्यांची स्वतःचीच गाडी खडखडायला लागली. त्याच सुमारास नामपूरला माहेरी जाऊन आलं की ताईंचं डोकं दुखायचं, मळमळायचं. दाजींनी निदान करून टाकलं: नळी फुटलीय, धूर आत येतोय, तो हिला बाधतोय. तर्क वेडगळ नव्हता. जोडाजवळ केसाएवढी चीर खरंच निघाली. त्यांनी वेल्डिंग करून घेतलं, क्लॅम्प बदलला. खडखड थांबली, डोकं थांबेना. मग नवा सायलेन्सर. मग डिकीच्या दाराचं रबर, धूर तिथून येत असेल म्हणून. असे दोन महिने गेले. डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणायचे, "कारण सापडलंय ना, मग गोळ्या कशाला?"

एके सकाळी ताई स्वयंपाकघरात पडल्या. डोक्यात गाठ होती, बरीच वाढलेली. ऑपरेशननंतर त्या अकरा दिवस काढू शकल्या.

दिवसकार्य उरकल्यावर एका दुपारी दाजी आमच्याकडे आले. त्यांच्या नखांत काळं नव्हतं, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. बराच वेळ त्यांनी चहाला हात लावला नाही. मग माझ्या बायकोला म्हणाले, "माया, एकच विचारतो. गाडीत नसताना, घरी असताना तिचं डोकं दुखायचं का? मी हे तिला कधी विचारलंच नाही."

मी बायकोकडे बघितलं नाही. ताईंचा फोन रोज यायचा. सकाळी उशीवरून डोकं उचलवत नाही, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. "ह्यांना सांगू नकोस, बिचारे एवढं करतायत," असं त्यांनी बजावलेलंही ठाऊक होतं. आम्ही सांगितलं नव्हतं.

"नाही दाजी," ती म्हणाली. "गाडीतच दुखायचं."

दाजींनी मान हलवली. निवलेला चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, कप स्वतः विसळून ओट्यावर पालथा घातला आणि "येतो" म्हणाले. बायको त्यांना सोडायला जिन्यापर्यंत गेली. ते गेल्यावरही बराच वेळ ती तिथंच उभी होती, आणि तिला आत बोलवायचं मला काही सुचलं नाही.