सॉकेटवरचं काळं झाकण

कॅनडातल्या एडमंटनच्या आमच्या मंडळात एक गोष्ट अजूनही अधूनमधून सांगितली जाते. माझा एक मित्र लोकांना कॉम्प्युटर जोडून द्यायचा. माझा कॉम्प्युटर जोडताना त्याने मदरबोर्डच्या पिना वाकवल्या आणि म्हणून कंपनीने वॉरंटी नाकारली, अशी ती गोष्ट. ती खोटी आहे. पिना वाकल्या त्या माझ्या निष्काळजीपणाने, आणि त्याचं नाव पुढे केलं तेही मीच. आता वय झालं आहे. हे लिहून ठेवलं नाही तर माझ्यामागे खोटी गोष्ट तेवढी उरेल.

मित्र नागपूरचा, मी नांदेडकडचा. तो वीज कंपनीत होता, मी सरकारी ऑफिसात. रिटायर झाल्यावर मी पुस्तकं वाचायचं ठरवलं आणि टीव्ही पाहत बसलो. त्याने मात्र बेसमेंटमध्ये एक लांब टेबल मांडलं आणि कॉम्प्युटर जोडायला लागला. मंडळातल्या निम्म्या घरांत त्याच्या हातचं मशीन होतं. मोबदला म्हणून तो जेवायला बसायचा, आणि माझ्या बायकोने केलेल्या रश्श्याला नावं ठेवायचा. "वहिनी, लाल व्हायला पाहिजे रस्सा. हा तं लाजून गुलाबी झाला." बायकोही ऐकून घ्यायची नाही. "भाऊजी, इथली ॲम्ब्युलन्स लवकर येत नाही, म्हणून गुलाबी."

एप्रिलमधल्या जयंतीला हॉलचा माइक, स्पीकर आणि पडदा हे सगळं त्याच्याकडे असायचं. आम्ही बाकीचे भाषणं करायचो. ती शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू यायची ती त्याच्यामुळे.

मंडळाच्या सुरुवातीच्या काळातल्या कार्यक्रमांच्या व्हिडिओ कॅसेट माझ्याकडे पडून होत्या. त्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्याव्यात असं मनात आलं, पण माझं जुनं मशीन त्या कामाने धापा टाकायचं. म्हणून मित्राने नवं जोडून दिलं. ज्या मोठ्या पाटीवर बाकीचे सगळे भाग बसतात तो मदरबोर्ड त्याने आमच्या डायनिंग टेबलावर ठेवला. मधल्या चौकोनी खाचेला, म्हणजे सॉकेटला, मोठ्या शंकरपाळ्याएवढं काळं प्लास्टिकचं झाकण होतं. ते काढल्यावर आत केसाहून नाजूक पिनांचं रान दिसलं. त्याने फोनवर त्याचा फोटो काढला, कारण प्रत्येक मशीनच्या वेळी फोटो काढायची त्याची सवयच होती. मग त्या पिनांवर प्रोसेसर बसवला आणि झाकण बायकोच्या हातात दिलं.

"वहिनी, हे जपून ठेवा. बोर्ड कधी कंपनीला परत पाठवायची वेळ आली तर लागेल. हे नसलं की पिना उघड्या पडतात आणि कंपनी हात वर करते."

"एवढंसं हे?"

"विंटरमध्ये टोपीशिवाय बाहेर पडू नका म्हणता ना? ही त्याची टोपी समजा."

काही महिने मशीन छान चाललं. मग मध्येच बंद पडू लागलं. कॅसेट अर्ध्यावर आली की पडदा काळा आणि बोर्डवर एक बारीक लाल दिवा. मित्राने येऊन एकेक भाग बदलून पाहिला आणि म्हणाला, "बाकी सगळं ठीक आहे. बोर्डच खराब निघाला. वॉरंटीत आहे, पाठवून देऊ."

पण तेवढ्यात त्याच्या मुलीच्या बाळंतपणासाठी तो आणि त्याची बायको दूर ओकव्हिलला गेले. म्हणून कंपनीशी मीच बोलू लागलो. फोन लावला की संगीत. बऱ्याच वेळाने कोणीतरी उचलायचं आणि विचारायचं, मशीन बंद करून परत चालू करून पाहिलं का? मग दुसऱ्या विभागाकडे जोडून द्यायचं, पुन्हा संगीत, आणि दुसऱ्या विभागाचाही पहिला प्रश्न तोच. मी फोन स्पीकरवर टाकून स्वयंपाकघरात बसायचो. शेवटी बायको पोळ्या लाटताना तीच धून गुणगुणायला लागली. "बंद करू नका हो, कडवं संपू दे," म्हणायची.

अखेर बोर्ड पाठवायची परवानगी मिळाली. मित्राने ओकव्हिलहून फोनवर सगळं सांगितलं. स्क्रू कसे काढायचे, प्रोसेसर कसा उचलायचा, आणि शेवटी, "झाकण लाव बरं का. वहिनींकडे दिलंय."

बायको तेव्हा बाहेर गेली होती. कुरिअरचं दुकान बंद व्हायला आलं होतं आणि बाहेर बर्फ सुरू झालेला. मी दोन-तीन खण उघडून पाहिले. झाकण दिसलं नाही. प्लास्टिकच्या एका तुकड्याने काय अडणार आहे, असं म्हणून मी बोर्ड बबल रॅपमध्ये गुंडाळला, खोक्यात घातला आणि धावत देऊन आलो.

पुष्कळ दिवसांनी तोच बोर्ड तसाच परत आला. सोबत फोटोंसहित ईमेल. सॉकेटमधल्या पिना वाकलेल्या आहेत, हे नुकसान ग्राहकाकडून झालं आहे, वॉरंटी लागू नाही. मला चीड आली. कंपनीची आली, आणि खरं सांगायचं तर स्वतःचीही आली. पण स्वतःवरची चीड फार वेळ धरून ठेवता येत नाही. ती कुणावर तरी टाकावी लागते.

त्या रविवारी वंदनेनंतर पॉटलक होतं, म्हणजे घरोघरून आणलेल्या पदार्थांचं जेवण. ताटं घेऊन आम्ही उभे होतो तेव्हा कोणीतरी विचारलं, "काय सर, झाला का कॉम्प्युटर दुरुस्त?"

मी म्हणालो, "कसला होतोय? जोडणाऱ्यानेच पिना वाकवल्या, कंपनी तरी काय करणार!"

सगळे हसले. एक जण म्हणाला, "म्हणजे नागपुरी झटका बसला म्हणा." पुन्हा हसले, आणि मीही हसलो. मित्र ओकव्हिलला नातवाला मांडीवर घेऊन बसला होता.

तो परत आला तोवर ही गोष्ट घरोघरी पोचली होती. एका घराने त्याला जोडायला सांगितलेलं मशीन शेवटी दुकानातून आणलं. कमिटीने जयंतीच्या माइकसाठी बाहेरचा माणूस ठरवला आणि मित्राला सांगितलं, "दादा, तुम्ही आता आराम करा." त्याला कारण कळलंच असणार, आमच्या मंडळात काही लपून राहत नाही. तरी तो माझ्याकडे आला, बूट दारात काढले आणि म्हणाला, "काढ बे तो बोर्ड. बघू."

कंपनीच्या ईमेलमधले फोटो आणि मग भिंग लावून सॉकेट त्याने बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "झाकण लावलं होतं ना?"

मी म्हणालो, "हो."

त्याने भिंग खिशात टाकलं. "ठीक आहे," म्हणाला, आणि बोर्ड घेऊन गेला.

त्यानंतर तो सबंध विंटर कंपनीच्या मागे लागला. फोन त्याचा, वेळ त्याचा. जोडतानाचा फोटो त्याने पाठवला, त्यात पिना सरळ होत्या. लाल दिव्याचा बिघाड पिना वाकण्याआधीपासून होता आणि त्याचा पिनांशी संबंध नाही, हे तो नव्या नव्या माणसांना पहिल्यापासून समजावून सांगत राहिला. कधी कंपनीने तक्रार न विचारता बंद करून टाकली. त्याने परत उघडली. शेवटी त्यांनी बदली बोर्ड पाठवला, तोही बिघडलेला निघाला. मी म्हणालो, "जाऊ दे रे, नको आता." तो म्हणाला, "जाऊ काऊन देऊ? तुझ्या कॅसेट अर्ध्या राहिल्या ना." त्याच्या नंतरचा बोर्ड मात्र नीट चालला. त्याने येऊन बसवला, लाल दिवा लागत नाही हे पाहत चहा प्यायला आणि गेला. त्या दिवशी जेवायला थांबला नाही. बायको म्हणाली, "भाऊजींनी आज रश्श्याला नावंसुद्धा ठेवली नाहीत. काय झालंय तुमच्या दोघांत?"

मी पुढची कॅसेट लावायला घेतली.

पुढे एकदा माझ्या कोटाचं बटण तुटलं. बायकोने दह्याचा रिकामा डबा काढला. आमच्याकडे दह्याचे डबे कधी फेकले जात नाहीत, एकात मेथ्या, एकात बटणं. तिने डबा टेबलावर पालथा केला, आणि बटणांत ते काळं झाकण पडलेलं होतं. ती म्हणाली, "हे भाऊजींनी जपून ठेवायला सांगितलेलं. ठेवलंय हो मी." मग ती एकदम थांबली. "अहो, पण हे तर पाठवायचं होतं ना बोर्डाबरोबर?"

मी तिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. बटण लावून झाल्यावर कोट माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "घाला. आणि जाऊन या."

मित्र घरासमोरच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढत होता. मी झाकण त्याच्या हातमोज्यावर ठेवलं. त्याने पाहिलं आणि म्हणाला, "मला माहीत होतं बे. कंपनीच्या फोटोत खोक्यातला सगळा माल मांडलेला होता. झाकण नव्हतं त्यात."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"विचारलं की तुला. तू हो म्हणालास. आता या वयात माणसाला तीच गोष्ट दुसऱ्यांदा काय विचारायची?"

मी माफी मागितली. तो बर्फ बाजूला ढकलत म्हणाला, "झाकणाचं काही नाही रे. विसरतो माणूस. तू चारचौघांत बोललास ते लागलं. बोलायचं तं तिथेच बोल."

त्या वर्षी जयंतीला आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. ज्येष्ठ म्हणून ते मलाच देतात, लोक तोवर जेवणाकडे वळलेले असतात. मी उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि माइक बंद पडला. बाहेरून आणलेला माणूस वायरी उपसत राहिला. लोक उठायला लागले. एवढ्यात शेवटच्या रांगेतून माझा मित्र चालत आला. त्याने माइकच्या बुडाशी वायर दाबून धरली आणि आवाज आला. सोडली की गेला. पुन्हा धरली.

"बोल," तो म्हणाला. "धरून ठेवतो."

अशा तऱ्हेने, ज्याच्याबद्दल बोलायचं तो माझ्या कोपराला कोपर लावून उभा होता आणि त्याला हलता येत नव्हतं. मी सांगितलं की पिना याने वाकवल्या नाहीत. झाकण न लावता बोर्ड मी पाठवला, याने विचारल्यावर खोटं मी बोललो, आणि पॉटलकमध्ये तुम्हाला हसवलं तेही खोटं होतं. मागून कोणीतरी म्हणालं, "सर, मोठ्याने!" मित्र पुटपुटला, "मोठ्यानेच बोलून राहिला तो. लवकर आटप बे, हात दुखून राहिला."

लोक हसले, आणि मी गडबडीत खाली बसलो. पुढच्या वर्षापासून माइक पुन्हा त्याच्याकडे आला. कॉम्प्युटर जोडणं मात्र त्याने परत सुरू केलं नाही. डोळ्यांचं कारण सांगतो. मला ते पुरतं खरं वाटत नाही. आणि त्या दिवशी हॉलमध्ये नसलेले, कॅल्गरीला गेलेले लोक अजून जुनीच गोष्ट सांगतात.

पिनांचं सांगून झालं, पण आभार तेवढे राहून गेले. त्या विंटरमध्ये मी घरात बसून त्याला टाळत होतो, आणि तो त्याच्या बेसमेंटमध्ये कानाला फोन लावून तेच संगीत ऐकत माझ्यासाठी थांबला होता. माझं खोटं त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी त्याने फोन ठेवला नाही. कॅसेट सगळ्या उतरून झाल्या आहेत. त्यांतल्या एकीत तो आहे, काळ्या केसांचा, स्टेजच्या कडेला वायर हातात धरून उभा.