गायबराव सापडले

त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं. एरवी सगळा तळ त्यांना गायबराव म्हणायचा. फौजेत ट्रक चालवण्यात त्यांची उमर गेली, आणि त्यातली निम्मी ट्रक लपवण्यात. शत्रूचं टेहळणी विमान यायच्या आत ट्रक झाडीत घालायचा, वर जाळी ओढायची, काचा चिखलाने माखायच्या. जाळी ओढली की बाकीचे ड्रायव्हर सिगारेट पेटवायचे. गायबराव मात्र झाडाची फांदी तोडून अंगण झाडावं तसा माळ झाडत बसायचे, चाकांची एक खूण म्हणून शिल्लक ठेवायचे नाहीत. अख्ख्या लढाईत त्यांचा ट्रक विमानाला दिसला नाही. ही गोष्ट ते ऐकणाऱ्याला सांगत आणि न ऐकणाऱ्यालाही. बायको म्हणायची, "बाहेर एवढं झाडता, घरातला झाडू तेवढा दिसत नाही का तुम्हाला?"

हरायचे ते फक्त मुलीकडून. ती लहान असताना लपाछपीत हे पडद्यामागे उभे राहत आणि एक चप्पल मुद्दाम बाहेर ठेवत. पोर चप्पल बघून किंचाळत यायची, "बाबा सापडले!" आणि गायबराव पदक मिळाल्यासारखे खूश व्हायचे.

ती पोर पुढे उपग्रह बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात लागली. बापाला वाटलं होतं, काहीतरी अवाढव्य प्रकरण असेल. बघायला गेले तर पत्र्याच्या ट्रंकेएवढा डबा, आत बेताच्या किमतीचा कॅमेरा.

"यात तर माझं अंथरूणसुद्धा मावायचं नाही," ते म्हणाले.

"स्वस्त आहेत म्हणून तर पुष्कळ सोडता येतात, बाबा. एक डोक्यावरून गेला की थोड्या वेळाने दुसरा हजर."

गायबरावांनी नाक मुरडलं. विमानाला हातोहात फसवणारा माणूस ट्रंकेला कशाला घाबरेल?

मग फौजेने चाचणी लावली. मैलोनमैल पसरलेल्या माळावर एक ट्रक लपवायचा. कारखान्याने फोटो बघून तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत शोधायचा. सापडला तर फौजेचं काम मिळणार. नाही सापडला तर कारखान्याला टाळं, आणि पोरीला नोकरीसाठी लांबच्या शहरात जावं लागणार. तिने तर बॅगही भरून ठेवली होती. आणि ट्रक लपवायला बोलावणं आलं ते निवृत्त गायबरावांनाच! तळावरच्या साहेबांना नातं ठाऊक होतं. ते म्हणाले, "तुम्ही पोटच्या पोरीसाठीसुद्धा हरणार नाही, हे सगळ्या तळाला माहीत आहे." एवढं कौतुक गायबरावांना पहिल्यांदाच नकोसं वाटलं.

चाचणीच्या आदल्या दिवशी जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, उद्या चप्पल बाहेर ठेवायची नाही."

"कसली चप्पल?"

"तुम्ही ती मुद्दाम ठेवता हे मी शाळेत जायला लागले तेव्हाच मला कळलं होतं. तुम्हाला मजा यायची म्हणून ओरडायचे मी."

गायबरावांनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"आमच्या फोटोंच्या भरवशावर खऱ्या लढाईत माणसं पुढे जाणार आहेत," ती म्हणाली. "तुमच्या मेहेरबानीने पास झालो, तर ती फुकट मरतील."

चाचणीच्या दिवशी गायबरावांनी ट्रक एका ओघळीत उतरवला आणि जाळी ओढली. जाळीचा एक कोपरा मात्र हातात धरून ते बराच वेळ उभे राहिले. तो वर राहिला असता तर पोर घरी राहिली असती. शेवटी त्यांनी कोपरा खाली खेचला, फांदी तोडली आणि रागारागाने ओघळीपासून थेट रस्त्यापर्यंत माळ झाडून काढला. मोबाइल साहेबांनी आधीच काढून घेतला होता. जाळीखाली ट्रकमध्ये बसल्या बसल्या त्यांनी आपली एखादी चूक आठवून पाहिली. एकही आठवेना, तसं त्यांना रडूच यायला लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेबांची जीप रस्त्यावर थांबली. मुलगी खाली उतरली आणि इकडेतिकडे न बघता सरळ ओघळीकडे चालत आली.

"बाबा सापडले!"

"शपथ सांगतो पोरी, चप्पल नव्हती ठेवली!"

"माहीत आहे." तिने दोन फोटो पुढे धरले. "हा तुम्ही यायच्या आधीचा. सगळा माळ खडबडीत, जिकडेतिकडे चाकांच्या जुन्या खुणा. त्यात तुमच्या ट्रकच्या खुणा कुणाला ओळखू आल्या असत्या? आणि हा नंतरचा. ट्रकच्या रुंदीचा गुळगुळीत पट्टा, रस्त्यापासून इथपर्यंत. एवढा स्वच्छ माळ झाडणारा माणूस जगात एकच आहे."

गायबराव फोटोंकडे बघत राहिले. विमान कधीतरी यायचं. कालचा माळ आजच्या माळाशी ताडून बघायला तेव्हा कुणाकडे काय होतं? मग ते हसायला लागले, इतके की साहेबांना त्यांना धरावं लागलं. आणि हसता हसता एकदम थांबले.

"साहेब, हे झाडणं मीच शिकवलंय तळावरच्या पोरांना. उद्या सगळ्यांना बोलवा. खुणा राहू देत म्हणावं, पण झाडू नका."

घरी बायको दारातच उभी होती. "काय झालं?"

"हरलो!" गायबराव छाती फुगवून म्हणाले. "खरोखरचा हरलो, अगदी चारीमुंड्या चीत!"

तिने डोळे पुसले आणि त्यांच्या हातात झाडू दिला. गायबराव मुकाट्याने झाडायला लागले. कोपऱ्यात पोरीची भरलेली बॅग उभी होती. ती त्यांनी उघडली, तिचे कपडे एकेक करून कपाटात परत ठेवले, बॅग माळ्यावर टाकली, आणि मग तो कोपराही झाडून काढला.