लिफ्टमावशींची मोजणी

आमच्या इमारतीला मजले आठ आणि लिफ्ट एक. तीही जुनी, जाळीच्या दाराची, झटका दिल्याशिवाय न निघणारी. आत पितळी पाटी आहे, 'आठ माणसे', आणि पाटीखाली स्टुलावर लिफ्टमावशी. माझं घड्याळदुरुस्तीचं टेबल तळमजल्यावर जिन्याखाली, लिफ्टच्या दारापासून चार पावलांवर. एकोणीस वर्षं झाली. कोण कधी येतं आणि कोण उशिरा येऊन घड्याळाला नावं ठेवतं, मला सगळं पाठ आहे. लोक म्हणतात मी तिरसट आहे. असेन. दिवसभर दुसऱ्यांची वेळ नीट करत बसा, मग कळेल.

मावशींचं आणि माझं पहिल्यांदा वाजलं ते मोजणीवरून. एकदा मी लिफ्टमध्ये शेवटचा शिरलो, तर म्हणाल्या, "भाऊ, उतरा. नऊ झाले."

"मावशी, तुमच्यासकट आठ आहेत. डोळे तपासून घ्या."

"पाचव्या मजल्याच्या टायपिस्टबाई दोन जिवांच्या आहेत. पाटीवर माणसं लिहिलंय, चपलांचे जोड नाही लिहिले."

मी चार मजले तोंडाने पुटपुटत चढलो. पण नंतर पाहिलं तर एरवी कोपऱ्यात अंग चोरून उभ्या राहणाऱ्या त्या टायपिस्टबाई लिफ्टच्या मध्यभागी ऐटीत उभ्या होत्या आणि माणसं त्यांना जागा करून देत होती. मग मी गप्प बसलो. मला गप्प बसवणं सोपं नाही, हे इमारतीत कुणालाही विचारा.

मावशींना कळायचं कसं, हे त्यांनीच एकदा सांगितलं. लिफ्ट निघताना झटका बसतो. तेव्हा सगळे दांडी धरतात. दोन जिवांची बाई पोट धरते, तिला स्वतःला कळायच्या आत.

या मोजणीवरून मावशींचं खरं भांडण होतं ते वकीलबाईंशी. वकीलबाई तिसऱ्या मजल्यावर. अठ्ठावन्न वर्षांच्या, आवाज करडा, बायकांचे खटले लढण्यात हयात गेलेली. तळमजला ते तिसरा मजला चाळीस सेकंद लागतात, मी स्टॉपवॉच लावून मोजलेत. त्या चाळीस सेकंदांत हे भांडण अकरा वर्षं चाललं होतं. सकाळी तिसऱ्या मजल्यावर तुटलेलं वाक्य संध्याकाळी खाली येताना पुढे सुरू व्हायचं. जाळीतून सगळं मला ऐकू यायचं आणि खरं सांगतो, रेडिओ घ्यायची गरज पडली नाही.

"मावशी, तुम्ही दोन मोजलेत की बाईचा हक्क निम्मा होतो," वकीलबाई म्हणायच्या. "शरीर तिचं, निर्णय तिचा."

"निर्णय तिचा म्हणता, आणि दार एकच उघडं ठेवता. दोन दारं उघडी असली तर निवड. एकच असलं तर ती ढकलाढकली."

"जगात काय चाललंय ठाऊक आहे? एका देशात मुलगी आहे म्हणून पोटातच संपवतात. दुसऱ्या देशात पोट दिसलं की कामावरून काढतात. तिसऱ्यात नवरा ठरवतो."

"देश कितीही असोत, पोट बाईचं आणि ठरवणारा भलताच. खुर्ची पुरुषाच्या मापाची करायची आणि बाई मावली नाही की म्हणायचं, जा, पोट काढून ये. मी म्हणते, खुर्ची बदला ना!"

"आणि जिला नकोच असेल, तिच्या वतीने तुम्ही मोजणार?"

यावर मावशी एकदा म्हणाल्या, "तिच्यावर मी ओरडणार नाही. तिच्याजवळ बसेन. पण मोजताना मला दोनच दिसतात, वकीलबाई. काय करू?"

तिसरा मजला आला आणि वकीलबाई उतरल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा जुंपलीच.

असं सगळं मजेत चाललं असताना मावशींच्या मोजणीने एक दिवस घात केला.

सातव्या मजल्यावर इमारतींचे आराखडे काढणारं ऑफिस आहे. तिथे एक मुलगी नवीन लागली होती, आम्ही तिला नकाशेवाली म्हणायचो. हुशार, हसरी, काखेत कायम कागदांची गुंडाळी. तीन आठवड्यांत तिची नोकरी कायम व्हायची होती. त्या सकाळी ती लिफ्टमध्ये शिरली, मागून आणखी काहीजण, आणि सगळ्यांत शेवटी तिचे साहेब. मावशींनी बोटाने मोजलं आणि सवयीने बोलून गेल्या, "साहेब, उतरा. नऊ झाले. तुमची नकाशेवाली दोन जिवांची आहे."

मुलीचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. नोकरी पक्की होईपर्यंत सांगायचं नाही, असं तिने आणि नवऱ्याने ठरवलं होतं.

दुपारी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. साहेब आरडाओरडा करणाऱ्यांतले नव्हेत. गोड बोलले. "तुझं करिअर आत्ता कुठे सुरू होतंय. अजून वेळ गेलेली नाही. पुढचा आठवडा सुटी घे, काय ते उरकून ये. आम्ही काही विचारणार नाही." आणि तिने विचारलं, नाही उरकलं तर? तर साहेब म्हणाले, "निर्णय तुझा."

मुलगी जिन्याने खाली आली. लिफ्टमध्ये पाऊल टाकायची तिला लाज वाटली. माझ्या टेबलाशी उभी राहून रडत रडत तिने हे सगळं सांगितलं. "मला दोन्ही हवंय हो. बाळही आणि काम पण. मी काय जास्त मागतेय का?" मावशी तिच्यासमोर हात जोडून उभ्या होत्या. "पोरी, माझ्या जिभेला हाड नाही. मला माफ कर."

मुलगी गेली तरी मावशी हलल्या नाहीत. वरून घंटा वाजत राहिली. माझ्या स्टुलावर बसून त्यांनी मला जे सांगितलं, ते एकोणीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

चोवीस वर्षांच्या असताना त्या सुताच्या कारखान्यात होत्या. नवरा आजारी, घर त्यांच्यावर. मुकादमाने विचारलं, पोट की नोकरी? "सगळे म्हणाले, तुझा निर्णय. निर्णय तेवढा माझा, भाऊ, बाकी सगळं त्यांचं. मी गेले. परत आले तेव्हा मशीन तशीच चालू होती. तेव्हा मला कुणी दोन मोजलं नाही." डोळे पुसून त्या उठल्या. "म्हणून मी मोजते."

माझ्या हातातलं घड्याळ त्या दिवशी दुरुस्त झालं नाही. मला इतका राग आला होता की स्क्रूच सापडेना.

वकीलबाईंना हे सगळं, मावशींचंसुद्धा, मीच सांगितलं. चहाडी म्हणा हवं तर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या लिफ्टमध्ये शिरल्या आणि करड्या आवाजात म्हणाल्या, "मावशी, माझे दोन मोजा."

"या वयात?"

"मोजा म्हणते ना!"

मावशींना कळायला एक क्षण लागला. मग त्या अशा हसल्या की जाळी थरथरली. मागून टायपिस्टबाई शिरल्या, "माझेही दोन." त्यांचा थोरला शाळेत जायला लागला होता. तेवढ्यात झाडू घेऊन सफाईवाल्या आजी आल्या, तोंडात दात मोजून तीन. "माझे तीन धर गं," त्या म्हणाल्या, "जुळी आहेत!"

"आठ झाले," मावशींनी जाहीर केलं आणि साहेबांच्या नाकासमोर दार सरकवलं.

साहेब सात मजले चढले. दुसऱ्या दिवशीही चढले. सगळ्या मजल्यांवरच्या बायका अचानक लिफ्टच्या वेळा साधू लागल्या आणि जी ती दोन. साहेबांनी इमारतीच्या मॅनेजरकडे तक्रार केली. मॅनेजर नियमांचा कागद घेऊन आला आणि त्यात लिहिलेलं मोठ्याने वाचून स्वतःच फसला, 'माणसांच्या संख्येबाबत लिफ्टचालकाचा निर्णय अंतिम राहील.' त्याची बायको तेव्हा सातव्या महिन्यात होती. तो जास्त बोलला नाही.

चौथ्या दिवशी साहेब माझ्या स्टुलावर येऊन टेकले. गुडघे चोळत, धापा टाकत. हातातलं घड्याळ काढून म्हणाले, "बघा जरा, मागे पडतंय."

मी कानाला लावलं. "घड्याळ चोख आहे. तुम्हीच मागे पडताय."

मग ते लिफ्टच्या दाराशी गेले. लिफ्ट रिकामी होती. "मला घेणार का?" त्यांनी विचारलं.

"माझ्याकडे जागा आहे, साहेब," मावशी म्हणाल्या. "तुमच्याकडे तिच्यासाठी आहे का, तेवढं सांगा."

वकीलबाईंचं एक खणखणीत पत्रही त्या सकाळी सातव्या मजल्यावर पोचलं होतं. त्यामुळे साहेब पत्राने वळले की गुडघ्यांनी, हे मी सांगू शकत नाही. संध्याकाळी मुलगी हातात कागद नाचवत सगळे मजले जिन्याने उतरत आली. नोकरी कायम, बाळंतपणाची पगारी रजा, आणि सामानाच्या खोलीत पाळण्यापुरता एक कोपरा. त्या कोपऱ्याचा आराखडा तिनेच काढायचा होता. मावशी आणि वकीलबाई दोघी तिला एकदम मिठी मारायला गेल्या आणि एकमेकींवर डोकी आपटली. भांडण काही मिटलं नाही. दुसऱ्या दिवशी "पण मावशी, तत्त्व म्हणून सांगते" ऐकू आलंच.

रजा संपवून नकाशेवाली परत आली ती मुलीला घेऊन. गोबरे गाल, मुठी आवळलेल्या, आईसारखीच घाईत. आईच्या दोन्ही हातांत सामान, म्हणून तिने बाळ सरळ मावशींच्या मांडीवर दिलं. आत साहेब, टायपिस्टबाई, आजी आणि आणखी दोघे. इतक्यात धावतपळत वकीलबाई आल्या आणि दाराशीच थांबल्या. मावशी मोजतात तसं त्यांनी बोट उचललं. साहेबांपासून सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार, पाच, नकाशेवाली सहा. बोट मावशींपाशी आलं.

"मावशी," त्या म्हणाल्या, आणि आवाज करडा नव्हता, "तुम्ही दोन. आठ झाले. मी जिन्याने जाते."

आणि त्या खरंच जिना चढू लागल्या.

मावशींचा हात लिफ्ट चालवायच्या दांड्यावर होता, पण त्यांनी तो ओढला नाही. बाळाने त्यांचं बोट मुठीत धरलं होतं. कुणी घाई केली नाही, साहेबांनीसुद्धा. लिफ्ट बराच वेळ तशीच उभी होती. किती वेळ, ते मी मोजलं नाही.