घाटावर ‘पुढचे बसा’ म्हणू नये

आमचे गुरू नारायणराव उस्ताद यंदा पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यानिमित्त आपल्या न्हावी मंडळींनी गौरवग्रंथ काढायचं ठरवलं आणि लेख लिहायचं माझ्या गळ्यात पडलं. संपादक मंडळींनी बजावलंय, “किसनराव, नीट लिहा, भुताखेताचं नको.” मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं? पण उस्तादांचं खरं काम वगळून नुसती स्तुती करायची, तर ती तुरटीविना हजामतीसारखी होईल.

उस्तादांची आणि माझी पहिली भेट सीताबर्डीवरच्या त्यांच्या दुकानात झाली. गिरणीतलं काम सुटलं होतं, लग्न नुकतंच झालं होतं, आणि सासरे म्हणाले होते की बापजाद्यांचा धंदा कर. उस्तादांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “गिरणीत हात कापला काय गा कधी?” नाही म्हटलं. “मंग बस. सावध हाय तू.” झाली परीक्षा!

पण शिकवणं फार कडक. माणसाच्या गालाला हात लावायला पहिलं वर्ष मिळालं नाही. मडकं उपडं घालायचं, त्याला साबण फासायचा आणि वस्तऱ्याने तो असा काढायचा की मातीवर चरा उमटता कामा नये. उस्ताद पाठ फिरवून बसत आणि नुसत्या आवाजावरून ओरडत, “मारलं त्याले! गिऱ्हाईक मेलं तुयं!” मडक्यानंतर स्वतःची पोटरी, आणि पोटरीनंतर उस्तादांचीच दाढी. त्यांच्या गळ्यावर पहिल्यांदा वस्तरा ठेवला, तेव्हा मी मनात रामरक्षा म्हणत होतो. ते मात्र चक्क घोरत होते.

त्यांची मूल्यं सांगायची तर एकच गोष्ट पुरे. धरमपेठेतल्या एका घरी तरुण मुलगी विधवा झाली. तिचे केस उतरवायला उस्तादांना बोलावणं आलं. ते गेले, हत्यारांची धोकटी उघडली, वस्तरा अंगठ्यावर फिरवला आणि म्हणाले, “बोथट झाला.” चार दिवसांनी पुन्हा बोलावलं, पुन्हा बोथट. दुसऱ्या न्हाव्यांकडे माणूस गेला तर साऱ्या बर्डीचे वस्तरे एकाएकी बोथट झालेले! घरचे थकले. त्या बाई आज मुलींच्या शाळेत शिकवतात, डोक्यावर भरघोस अंबाडा आहे.

आता घाटाचं. नाग नदीकाठच्या स्मशानाच्या घाटावर सुतकातल्या माणसांचं क्षौर करायचं काम उस्तादांकडे होतं, आणि शिक्षणाचा शेवटचा भाग तिथेच व्हायचा. तिथला पहिला नियम असा की दुकानात दिवसभर जे म्हणतो, ते ‘पुढचे बसा’ तिथे म्हणायचं नाही. ज्याला बसवायचं त्याला नावानं हाक मारायची. मी विचारलं, “काहून?” उस्ताद म्हणाले, “घाटावर पुढचा कोण, हे आपण ठरवत नाही गा.” दुसरा नियम, जो बसला त्याची हजामत अर्धी टाकून उठायचं नाही, मग तो कोणीही असो.

त्याच सुमारास म्युनिसिपालिटीनं आपल्या धंद्याला परवाना लावला. पाणी उकळलेलं पाहिजे, टॉवेल धुतलेला पाहिजे, आणि उमेदवारानं साहेबासमोर हजामत करून दाखवली पाहिजे. घाटावरच्या न्हाव्याची परीक्षा घाटावरच. माझी आली ती भर दुपारी, अमावस्येच्या दिवशी. एकाच घरची माणसं होती. मी नाव घेऊन एकेकाला बसवलं, सगळ्यांचं झालं, ती नदीवर आंघोळीला गेली. साहेबाला अजून एक हजामत पाहायची होती. भला माणूस, पण उन्हानं कावलेला. त्यानं घड्याळ पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, “चला, पुढचे बसा!”

आणि एक माणूस येऊन माझ्यासमोर बसला.

अंगावर ओलं धोतर, केसांतून पाणी निथळतंय. हजामतीआधी आंघोळ कोण करतं? पण परीक्षेच्या धांदलीत मी बोटं वाटीत बुडवली आणि त्याच्या गालाला पाणी लावलं. ते ओघळलंच नाही. वैशाखातल्या जमिनीत मुरावं तसं आत मुरलं. पुन्हा लावलं, पुन्हा मुरलं. गाल इतका गार की बोटं बधिर झाली. त्या माणसाची पापणी काही लवत नव्हती.

उस्ताद दूर झाडाखाली बसले होते. ते उठून आले आणि माझ्या हातून वस्तरा काढून घेतला. त्या माणसाला त्यांनी अगदी अदबीनं विचारलं, “कोणाकडचे तुम्ही?”

“ज्याच्या हाती वस्तरा, त्याच्याकडचा.”

“मंग वस्तरा माहा हाय. ह्या पोराले मोकळं करा.”

उस्तादांनी त्याची पूर्ण हजामत केली. घाई नाही, थरथर नाही. शेवटी तुरटी फिरवली. त्यानं आरसा मागितला तर म्हणाले, “घरी गेल्यावर पाहा.” तो उठला आणि विझत आलेल्या चितेच्या पलीकडे गेला. पलीकडून बाहेर आला नाही. जमिनीवर एक केसही पडला नव्हता.

साहेब म्हणाला, “हात उत्तम, पण मला उमेदवाराचा पाहायचा होता.” त्याला काहीच वावगं दिसलं नाही. माझा परवाना लांबला, याचा मला तेव्हाही राग आला, खोटं कशाला बोलू! परतताना उस्तादांनी सांगितलं, “तो आता दर अमावस्येले येईन. माहा हात चालते तोवर माह्याकडं. मंग तुयाकडं, कारण पाणी तू लावलं. त्याले कोणी बसवलं नाही, तर तो घरापर्यंत येते, अन् कोणाले तरी घेऊन जाते. माह्या उस्तादाचं घर असंच उठलं.” माझी बायको तेव्हा गरोदर होती. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तेव्हापासून एकही अमावस्या उस्तादांनी चुकवली नाही. मुलीच्या लग्नात अक्षता पडल्या आणि हे धोकटी उचलून निघाले. तापानं फणफणले असताना टांग्यात आडवे पडून गेले. या ग्रंथात इतर लेखक त्याला उस्तादांची ‘घाटावरची सेवा’ म्हणतील. म्हणू द्या. ती सेवा माझ्या घराची होती. माझी तिन्ही लेकरं त्या सेवेवर वाढली.

या वर्षी उस्तादांचा हात थरथर कापायला लागला. गेल्या अमावस्येला मी सोबत गेलो. त्यांच्या हातून गालावर वस्तरा लागला. रक्त आलं नाही, पण त्या माणसानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “उस्ताद, वस्तरा द्या.” ते देईनात. “राहू दे गा, तुये लेकरं हायेत. अजून होते माह्यानं.” डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी बोटं सोडवून वस्तरा घेतला. मडक्यावर शिकलो होतो तसा, चरा न उमटवता चालवला. उठताना तो म्हणाला, “उस्तादांचा हात हलका होता.” मी म्हटलं, “होताच.”

तेव्हा मंडळी, सत्काराच्या दिवशी शालनारळ द्या, हार घाला, पण आशीर्वाद मागताना त्यांच्या हाताकडे पाहू नका, तो कापतो याची त्यांना लाज वाटते. उस्ताद, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो. अंगणात खाट टाका, उशिरा उठा, नातवंडांशी भांडा, आणि दाढी करायला मला बोलवा. अमावस्येला जेवून शांत झोपत जा. धोकटी मी घरी नेली आहे.