साखर नसलेलं घर

आईला मधुमेह निघाला त्या दिवशी मी घाबरलो आणि घाबरलेला माणूस करतो तेच केलं, दुसऱ्याला घाबरवलं. डॉक्टरांनी पाच मिनिटांत बरंच काही सांगितलं होतं. त्यातली दोनच वाक्यं मी घरी आणली: गोळी एकही चुकवायची नाही, आणि साखर म्हणजे विष. दुसरं तर डॉक्टरांचं नव्हतंच, माझंच होतं. साखर सगळी शेजारच्या काकूंना देऊन टाकली. घरात माझा वचक बसला म्हणून मी खूशही होतो.

आई दर गुरुवारी उपवास धरते, दिवसभर नुसत्या पाण्यावर. डॉक्टरांनी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही, आणि जन्मभर बघत आलो तरी मला सुचलं नाही. तिने उपवास बंद केला नाही आणि माझ्या धाकाने गोळीही चुकवली नाही.

पहिल्याच गुरुवारी दुपारी सात रस्ता चौकातल्या ऑफिसातून जेवायला घरी आलो, तर आई पलंगावर घामाने भिजलेली. हात थरथरत होते. मला मामा समजून काहीबाही बोलत होती. साखर फार उतरली की असं होतं, हे डॉक्टरांचं वाक्य मला तेव्हा आठवलं. साखरेचा डबा उघडला तर रिकामा. काकूंकडे पळालो. माझीच साखर त्यांनी वाटीत घालून दिली.

पाण्यात कालवून वाटी तिच्या ओठांना लावली, तर तिने दात आवळले.

“नगं. इख हाय ते. तूच म्हनलास की.”

विनवलं, ओरडलो, रडलोसुद्धा. तिचे डोळे जड व्हायला लागले. आई आता जाते, एवढंच मला कळत होतं.

“आई, अक्कलकोटचा परसाद हाय,” मी म्हणालो.

तिने लगेच तोंड उघडलं. घोट घोट करत वाटी संपवली.

अर्ध्या तासाने ती भानावर आली. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून तिला बाहेर बाकावर बसवलं आणि उपाशीपोटी गोळी घेतली की साखर कशी उतरते, ते मला नीट समजावलं. परतताना रिक्षात तिला विचारलं, आता कसं वाटतंय?

“परसादानं वाचले बघ,” ती म्हणाली. “साखर घातली असतीस तर मेले असते की.”

मी रिक्षा परत दवाखान्याकडे वळवायला सांगितली. या वेळी डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत आईला बसवायचं होतं.