आधी डबा दाखवा

"आधी डबा दाखवा," असं म्हणायच्या आणि उत्तराची वाट न बघता सिस्टर टेबलाखाली वाकायच्या. दवाखाना कुणाचाही असो, डॉक्टर कितीही नावाजलेला असो, त्यांची पहिली नजर कचऱ्याच्या डब्यावर. भिंतीवरच्या पदव्यांची पाळी नंतर. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल तर त्याला जपा, एवढं आधीच सांगून ठेवते.

आख्खी नोकरी सरकारी दवाखान्यात करून त्या माझ्या पार्लरच्या वरच्या मजल्यावर राहायला आल्या. नाव होतं त्यांना, पण गल्लीत ते कुणी वापरलं नाही. त्यांची सूनसुद्धा त्यांना सिस्टरच म्हणायची. डोक्यावर पदर, पायात करकरणारं कोल्हापुरी पायताण आणि खांद्याला एक कापडी पिशवी. ईदला शीरखुर्म्याचं पहिलं पातेलं माझ्याकडे उतरायचं.

पार्लरमध्ये पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना खुर्ची दिली, चहा विचारला. त्यांनी विचारलं, वापरलेलं ब्लेड टाकतीस कुठं? मी कोपरा दाखवला. कापूस, केस आणि ब्लेड एकाच बादलीत बघून त्यांनी मला गिऱ्हाइकांसमोर असं काही झापलं की दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी झाकणाचा डबा आणला आणि ब्लेडसाठी वेगळा पत्र्याचा. त्या आल्या, वाकल्या, बघितलं, आणि मग खुर्चीत बसून म्हणाल्या, "आता कर माझ्या भुवया."

तर गोष्ट माझ्या भाच्याच्या लग्नाची. भाऊ कळंब्याला राहतो, त्याचा हा एकुलता एक. आमच्या घरात कितीतरी वर्षांनी मांडव पडणार होता आणि मी तर नुसती हवेत होते. मुलीकडच्यांना काय द्यायचं, करवल्यांच्या केसांचं काय, नवरदेवाचा चेहरा कसा उजळायचा, सगळं माझ्या डोक्यात एकदम चालू. पोरगं जिममध्ये जाऊन शेरवानीसाठी पोट आत घेत होतं. जेवण सोडलेलं, झोप मोबाईलनं खाल्लेली. चेहरा पार उतरलेला.

त्यानंच मला ती जाहिरात दाखवली. सलाईनमधून व्हिटॅमिन थेट शिरेत, चेहऱ्यावर तेज, अंगात ताकद. माझे डोळे चमकले. आपण कोल्हापूरकर सलाईनचे जुने भक्त, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. बाटली टांगल्याशिवाय आजारी पडल्याचं समाधान होत नाही आपल्याला. आमचे वडील तर साध्या सर्दीलासुद्धा डॉक्टरला म्हणायचे, एक बाटली लावा की.

क्लिनिक मी निवडलं. कसं निवडलं, तेही कबूल करते. पार्लर निवडावं तसं. एसी गार आहे का, पडदे नवे आहेत का, आत गेल्यावर वास कसला येतो. बुकिंग करूनच जिन्यात सिस्टरना अभिमानानं सांगितलं.

मला वाटलं, नको म्हणतील. त्या तसं कधी म्हणायच्या नाहीत. "पोरगं जेवत न्हाय, झोपत न्हाय, आन् बाटलीतनं तेज मागतंय," एवढं बोलल्या. मग वर जाऊन चष्मा आणि पिशवी घेऊन आल्या. "घ्यायची तर घ्या. जागा मी बघणार."

माझ्या मोपेडवर मागे सिस्टर, पुढे बुलेटवर नवरदेव, अशी आमची वरात निघाली. मला तर लग्नाआधीच लग्न लागल्यासारखं वाटत होतं.

मी बुकिंग केलेल्या जागी गुलाबी खुर्च्या होत्या आणि फोटो काढायला गोल दिवा. सिस्टरनी डॉक्टरांची चौकशी केली. डॉक्टर फोनवर असतात, लागलं तर विचारतो, असं तिथली मुलगी म्हणाली. मग डबा. त्यात सुया, कापूस आणि चहाचे कागदी कप एकत्र पडले होते. सिस्टरनी आवाज चढवला नाही. भाच्याची बाही धरली आणि त्याला उठवून बाहेर आणलं. मी त्या मुलीकडे बघून ओशाळं हसत मागून निघाले.

दुसऱ्या क्लिनिकात डॉक्टर हजर होते, डबाही बरा होता. माझा जीव भांड्यात पडला. पण ट्रेमध्ये औषध भरलेल्या सिरिंज आधीच तयार होत्या, एकीवरही चिठ्ठी नाही. यात काय आहे, असं सिस्टरनी विचारलं. डॉक्टर हसून म्हणाले, ते आमचं खास मिश्रण आहे, सांगत नाही कुणाला.

"नाव न सांगणारा जावई आन् नाव नसलेली बाटली, दोन्ही घरात घ्यायची न्हाईत," सिस्टर म्हणाल्या आणि पायताण करकरवत बाहेर पडल्या.

आता भाचा वैतागला. हळद तोंडावर आली, लोक चकाचक होऊन मांडवात उभे राहतात आणि आपण गावभर कचरा बघत फिरतोय, असं त्याचं म्हणणं. खरं सांगते, मलाही तसंच वाटत होतं.

तिसरा दवाखाना बघून तर मी पायरीवरच थांबले. प्लास्टिकच्या खुर्च्या, कुरकुरणारा पंखा. सिस्टर मात्र आत जाऊन वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. पिवळी पिशवी वेगळी, लाल वेगळी, सुयांना पांढरा जाड डबा. टेबलावर सुया कापायचं यंत्र. कोपऱ्यातला ऑक्सिजनचा सिलिंडर त्यांनी नर्सला उघडायला लावला आणि त्याचा फुस्स आवाज ऐकून माहेरी आल्यासारख्या खुलल्या. "हितं बसूया," म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. बाटलीचं नाव काढलं नाही, नुसते प्रश्न. मुतखडा आहे का, साखर आहे का, कुठली गोळी चालू आहे, कशाची ॲलर्जी. भाचा सगळ्याला नाही म्हणत होता. मग त्यांनी विचारलं, लहानपणी एखाद्या औषधानं लघवी काळपट झाली होती का?

"न्हाय," भाचा म्हणाला.

मला मात्र एकदम आठवलं. तेव्हा भाऊ नोकरीला शाहूवाडीकडे होता. पोरगं पहिलीत. हिवतापाच्या गोळ्या चालू होत्या आणि तिसऱ्या दिवशी त्याची लघवी कोऱ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे पडले. चार दिवस वॉर्डात त्याच्या उशाशी मी बसले होते. कावीळ झाली म्हणून घरच्यांनी विषय सोडून दिला आणि मीही विसरले. त्या खोलीत हे ठाऊक असलेली एकटी मी, आणि मीच त्याला गुलाबी खुर्चीत बसवून हळदीच्या खरेदीला जाणार होते.

मी ते सांगितलं तसं डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. आधी रक्त तपासू, म्हणाल्या. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. काहींच्या रक्तात एक घटक जन्मापासूनच कमी असतो, तसा याच्या रक्तात कमी होता. अशा माणसाला व्हिटॅमिन सी मोठ्या मात्रेत शिरेतून दिलं तर तांबड्या पेशी फुटायला लागतात, जीवावरही बेतू शकतं. याला ही बाटली कधीच नको, असं सांगून त्यांनी तो कागद आयुष्यभर जपायला सांगितला.

मी पायरीवर बसून रडले. लाज, भीती, सुटका, सगळं एकदमच आलं.

"रडतीस कशाला?" सिस्टर म्हणाल्या. "पोरगं उभं हाय की समोर."

मग त्यांनी पोराचा ताबा घेतला. रोज दुपारी वर बोलावून समोर बसवून जेवू घालायच्या. रात्री नऊला फोन करून मोबाईल ठेवायला लावायच्या. हळदीपर्यंत गडी असा उजळला की फोटोवाल्यानं मला विचारलं, कुठलं पॅकेज केलंत? मी सिस्टरकडे बोट दाखवलं. त्या पहिल्या पंगतीत बसून तिसऱ्यांदा जिलेबी मागत होत्या. जाताना आचाऱ्याचाही डबा बघून आल्या.

सिस्टरना जाऊन आता वर्ष होत आलं. शेवटी न्यूमोनिया झाला, इस्पितळात ठेवलं होतं. मी दुपारी गेले तर सून रडकुंडीला आलेली. कोवळी नर्स सलाईन लावायला उभी आणि सिस्टर हातच देईनात. चादरीखाली मूठ आवळून पडलेल्या.

मला बघून त्यांनी हनुवटी जराशी उचलली. बोलायला आवाज राहिला नव्हता. त्यांची नजर टेबलाखाली गेली आणि परत माझ्याकडे आली.

मी वाकले. नीट बघितलं. मग त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "पिवळी हाय, लाल हाय, सुया पांढऱ्या डब्यात. झाकण बी हाय, सिस्टर."

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ रोखून बघितलं. मग मूठ सोडली आणि त्या पोरीपुढे हात केला.